कॅबिनेटचाचांचं खातेवाटप

मस्कतला मवालेहच्या बाजारात कलिंगडावर टिचकी मारून ते आतून लाल आहे की पांढरं, हे सांगणारे पुष्कळ होते. टिचकी मारता मारता युरोपातल्या एका देशाचं सरकार टिकणार की पडणार, हे सांगणारे मात्र एकटे कॅबिनेटचाचाच. कलिंगडाच्या बाबतीत त्यांचा अंदाज क्वचित चुकायचा. सरकारच्या बाबतीत तो एकदाही बरोबर आल्याचं मला आठवत नाही.

त्या देशाचं नाव मी सांगत नाही. चाचाही कधी घेत नसत. ते त्याला ‘तिकडं’ म्हणायचे आणि तेवढ्यावर आमचं भागायचं. मला स्वतःला राजकारणाचा पहिल्यापासून तिटकारा. मी मूळची अकोल्याची, इथे गाला भागातल्या एका एसी बसवणाऱ्या कंपनीत ड्रॉइंग काढते, आणि घरी बातम्या लागल्या की नवऱ्याच्या हातातून रिमोट काढून घेते. अशा बाईला युरोपातल्या टीचभर देशाचे मंत्री त्यांच्या खात्यांसकट पाठ व्हावेत, ही सगळी चाचांची कृपा. त्यांचं खरं नाव इब्राहिम. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून तरुणपणी आलेले, बाजारात फळांचा गाळा. आमच्या मंडळाच्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला फळं त्यांच्याकडूनच यायची, म्हणून ओळख. एका शनिवारी त्यांनी केळ्यांच्या फणीशेजारी आपला फोन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “बाय, तू शिकलेली हायस. यात काय लिवलंय ते मना वाचून दाखव.” पानावरची भाषा मला काय, त्यांच्या सात पिढ्यांना येत नव्हती. मी फोनलाच तिचं इंग्रजी करायला लावलं आणि त्या इंग्रजीचं मराठी केलं. त्या दिवसापासून दर शनिवारी सकाळी मी त्या मंत्रिमंडळाची मवालेहमधली भाषांतरकार झाले. बिनपगारी, फुल अधिकारी.

तिकडे सरकार तीन पक्षांचं होतं. त्या पक्षांची नावं घेताना माझीच जीभ अडखळायची. चाचांनी तो प्रश्नच मिटवला आणि तिघांना फळांची नावं देऊन टाकली. सगळ्यात मोठा पक्ष कलिंगड. दुसरा डाळिंब, कारण त्यात जितके खासदार तितकी मतं. तिसरा मूठभर खासदारांचा, तो लिंबू. “लिंबू नसला तर सरकार नाय,” चाचा सांगायचे, “आणि लिंबू जास्त पिळला तरी सरकार नाय.” लिंबाचं म्हणणं असं होतं की बाहेरून येणाऱ्यांनी काम खुशाल करावं, पण मुलंबाळं मागे ठेवावीत. कलिंगडाला ते पटत नव्हतं. डाळिंबाचं अजून ठरायचं होतं. मी एकदा सहज बोलून गेले, “तीन तिघाडा, काम बिघाडा, चाचा.” त्यांनी हातातली पपई खाली ठेवली.

“तोंडातून बरं काढ गो बाय. माझी नात अडकलीय त्यात.”

नात म्हणजे झोया. चाचांची मुलगी नाझनीन मस्कतलाच नर्स होती. नवऱ्याने तलाक दिला तेव्हा झोया पाळण्यात होती. पुढे नाझनीनने ती परकी भाषा शिकून परीक्षा दिली आणि तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या एका शुश्रूषागृहात नोकरी मिळवली. एक वर्ष नोकरी झाली की मूल आणता येतं, असा तिथला नियम. तेवढं वर्ष झोयाने नाना-नानीकडे राहायचं, असं ठरलं. ते वर्ष भरत आलं आणि तिकडे निवडणूक झाली. तीन पक्षांनी मिळून सरकार बनवलं. त्यांच्या करारात एक ओळ होती, की कुटुंब आणण्याचे नवे नियम तिघांच्या संमतीने ठरतील, आणि तोवर सगळे अर्ज थांबतील. त्या एका ओळीपायी चाचांना राजकारणाचा नाद लागला. नाझनीन नोकरी सोडून परत आली असती तर पुन्हा पहिल्यापासून रांगेत. इथे तिच्या जागेवर केव्हाच दुसरी नर्स आली होती. त्यामुळे ती तिकडे थांबली, झोया इकडे थांबली, आणि मंत्रिमंडळ दर आठवड्याला बसत राहिलं.

चाचांनी घरातही मंत्रिमंडळ बनवलं होतं. त्यांचं घर बाजारापासून जवळच होतं. एकदा आम्हाला जेवायला बोलावलं तेव्हा त्यांनी रीतसर ओळख करून दिली. चाची, म्हणजे त्यांच्या बेगम, गृह आणि अन्न. स्वतः ते व्यापार. नाझनीन परराष्ट्र. झोया तेव्हा चार वर्षांची असेल, ती बिनखात्याची मंत्री, “पण तिच्या सहीशिवाय फाइल हलत नाय.” माझ्या नवऱ्याने गमतीत विचारलं, “आणि आईचं खातं कोणाकडे?” चाची तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, त्यांचा हात थांबला. चाचा लगेच म्हणाले, “ते नाझनीनचंच. चाचीकडं फक्त अतिरिक्त कार्यभार. मूळ मंत्री परदेश दौऱ्यावर हाय.” आम्ही सगळे हसलो. चाचीही हसल्या. झोयाने तेव्हा चाचींच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं, हे आज उगाच आठवतं.

आपल्याकडच्या राजकारणावर चाचांचा सगळा अभ्यास झालेला, आणि तीच पट्टी ते तिकडे लावायचे. डाळिंबाचा एक मंत्री बैठकीला गेला नाही, एवढंच मी वाचलं की चाचा म्हणायचे, “नाराज हाय. खातं हलकं मिळालं त्याला.” बातमीत लिहिलेलं असायचं की त्याचं दाताचं दुखणं होतं. चाचांना ते पटायचं नाही. “नाराज माणूस घर सोडून जात नाय, बाय. दारात उभा रव्हतो, कोणीतरी हात धरून आत नेईल म्हणून.” त्यांच्या मते लिंबूदेखील असाच दारात उभा होता. कलिंगडाने त्याचा हात धरला, चहा पाजला, की काम झालं. दर शनिवारी ते मला सांगायचे, “येत्या महिन्यात मिटतंय. इन्शाल्ला.” असे किती महिने गेले कोण जाणे. झोया केजीतून पहिलीत गेली.

त्यांचा राग यावा असेही दिवस होते. एकदा मला घाई होती, भरली पिशवी हातात, गाडीत मुलगा रडत होता, आणि चाचा मला उपसमितीच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला लावत होते. मी फटकन म्हणाले, “चाचा, ते लोक तुम्हाला ओळखतात तरी का?” ते शांतपणे म्हणाले, “नायत ओळखत. तेच तर चुकतंय.” तेव्हा मला या उत्तराचं काही वाटलं नाही. पण त्यांच्या डोक्यात काय शिजत होतं, ते उन्हाळ्यात कळलं.

झालं असं की तिकडे खातेबदल झाला आणि बाहेरून येणाऱ्यांचं खातं लिंबू पक्षाच्या एका बाईंकडे आलं. आखूड केसांच्या, चष्मा लावणाऱ्या, फोटोत कधी न हसणाऱ्या बाई. मला धसकाच बसला. चाचांना आनंद झाला. “आता बाई आली. बाईला लेकराचं कळतं.” त्याच आठवड्यात त्यांच्याकडे मोसमाचा पहिला हापूस उतरला. आता चाचांच्या घराण्यात एक रीत होती. मोसमाची पहिली पेटी विकायची नाही, द्यायची. गावी होते तेव्हा ती गावच्या बड्या माणसाकडे जायची. मस्कतला आल्यापासून ती त्यांच्या अर्बाबकडे जात असे. अर्बाब म्हणजे त्यांचा ओमानी मालक-भागीदार, सत्तरी ओलांडलेला सज्जन म्हातारा. त्या वर्षी चाचांनी अर्बाबला विचारलं, की तुमची पेटी यंदा मंत्रीणबाईंना पाठवू का? म्हाताऱ्याने डोळ्यात पाणी आणून होकार दिला. नवा मंत्री झाला की त्याला भेटायला रिकाम्या हातांनी जायचं नसतं, यावर रत्नागिरी आणि मस्कत यांचं पूर्ण एकमत होतं.

फळं परदेशी पाठवायचे सगळे कागद चाचांना येत होते. तपासणीचा दाखला, शिक्के, काही म्हणता काही राहिलं नाही. पोचेल तेव्हा नेमका पिकलेला असावा, असा एकेक आंबा त्यांनी हाताने निवडून गवतात बसवला. वर झोयाने स्केचपेनने लिहिलेलं कार्ड लावलं. तिने इंग्रजीत लिहिलं होतं, ‘मिनिस्टर मॅडमना, झोयाकडून. मस्कत.’ खाली आईचं नाव, मॅडमना कळावं म्हणून. मी शनिवारी गेले तेव्हा पेटी विमानाने रवाना झाली होती.

“चाचा, अहो हे काय केलंत! तिकडे असं चालत नाही. याला लाच म्हणतात.”

ते मनापासून हसले. “लाच? आंब्याला? अगो, लाच पाकिटात देतात. आंबा देतात तो माया म्हणून.”

माया मंत्रालयात पोचली ती थेट नोंदवहीत. दोन-तीन आठवड्यांनी नाझनीनचा फोन आला, ती रडत होती. तिला सरकारी पत्र आलं होतं. अर्ज प्रलंबित असलेल्या व्यक्तीच्या कुटुंबाकडून मंत्र्यांना भेट आली आहे, ती स्वीकारता येत नाही, आणि या प्रकाराची तपासणी पूर्ण होईपर्यंत अर्ज वेगळा काढण्यात येत आहे. आतापर्यंत ती सगळ्यांबरोबर थांबली होती. आता सगळे सुटले तरी ती एकटी थांबणार होती.

पुढच्या शनिवारी ती बातमी तिकडच्या वर्तमानपत्रात होती. छोटा देश, त्यांना चघळायला तेवढंच मिळालं. मला ती गाळून पुढची वाचायची होती, पण बातमीवर आंब्याचा फोटो होता आणि तो चाचांनी पाहिला. ते फोनवर वाकले. “हा हापूस नाय,” ते म्हणाले. “दुसऱ्याच कुठल्या आंब्याचा फोटो लावलाय ह्यांनी.” मग मला वाचावंच लागलं. डाळिंबाच्या कोणीतरी सभागृहात खवचट प्रश्न विचारला होता. त्यावर लिंबूबाई उभ्या राहून म्हणाल्या होत्या की मला फळं पाठवून कोणी माझं मत बदलू शकत नाही. लहान मुलांचे अर्ज तरी आधी मोकळे करावेत, असा कलिंगडाचा प्रस्ताव त्या आठवड्यात मंत्रिमंडळापुढे यायचा होता. तो पुढे ढकलला होता. पेटीमुळे ढकलला असं बातमीत कुठेच नव्हतं. चाचांनी मला तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला.

“आणि आंबे? कोणी खाल्ले?”

“नष्ट केले, चाचा. नियम आहे तसा.”

“सगळे?”

मी मान हलवली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, कलिंगड पुढे करून म्हणालं, “चाचा, जरा बघा ना.” चाचांनी सवयीने टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली. “कळत नाय,” ते म्हणाले. “कापूनच देतो.” त्या दिवसानंतर ते कलिंगड कापून दाखवायला लागले. मला त्यांची इतकी दया आली की मी नको असलेली एक पेटी चिकू घेऊन घरी गेले.

नाझनीन वर्षातून एकदा सुटीवर यायची. त्या वर्षी तिने झोयासाठी तिकडच्या थंडीचा जाड कोट आणला होता, निळा, टोपीवाला. मस्कतच्या उन्हाळ्यात चाचांनी एसी जोरात लावून खोली गार केली, मग झोयाला कोट घालून फोटो काढला. कोट हातात देताना आईने विचारलं, “आवडला का गो?” झोया शाळेत बाईंना म्हणतात तसं म्हणाली, “येस, थँक यू मॅम.” नाझनीन हसली आणि पाणी प्यायचं निमित्त करून आत गेली. आम्ही बसलेले सगळे एकमेकांकडे न बघता एसीच्या आवाजाबद्दल बोलत राहिलो. पुढच्या सुटीत ती आली तेव्हा कोटाच्या बाह्या झोयाच्या कोपराच्या जेमतेम खाली येत होत्या.

चाचा आता अंदाज सांगत नव्हते. बातम्या ऐकायचे, पण मध्ये बोलायचे नाहीत. सरकार पडलं ते शेवटी व्हिसावरून नाहीच, दुधाच्या अनुदानावरून पडलं. लिंबाने पाठिंबा काढला. पूर्वीचे चाचा असते तर लिंबाने दूध नासवलं, यावर त्यांनी अर्धा तास घेतला असता. ते फक्त म्हणाले, “म्हणजे आता सगळं परत पहिल्यापासून?” मी म्हटलं, हो. निवडणूक होणार, मग वाटाघाटी, आणि नवं सरकार येईपर्यंत जुन्यांना कोणताही नियम बदलता येणार नाही. “आणि नाझनीनची तपासणी?” तिच्याबद्दल बातमीत काय असणार? मी फोन बंद करून त्यांच्या हातात दिला.

त्याच सुमारास मवालेहचा बाजार शहराबाहेर लांब हलला. अर्बाब वारला. त्याच्या मुलांना फळांत रस नव्हता. अर्बाबच्याच खटपटीने झोयाला आजी-आजोबांजवळ राहायची खास परवानगी मिळाली होती. ती आता पुढे वाढेना. वयही झालं होतं. चाचांनी गाळा सोडला आणि सगळ्यांना घेऊन गावी जायचं ठरवलं. निघायच्या आधी मी भेटायला गेले तर घरात खोकीच खोकी. निळा कोट एका खोक्यावर घडी करून ठेवलेला होता. चाची म्हणाल्या, “हा कोणाला द्यावा? इथं कोण घालणार?” चाचांनी तो उचलून खोक्यात घातला. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, “तिकडं सरकार झालं की फोन कर हां, बाय.” मी म्हटलं, “तुम्हीच मला सांगाल, चाचा.” त्यांनी मान हलवली, पण नेमकी कशाला ते मला कळलं नाही.

सरकार व्हायला तिकडे फार महिने लागले. शनिवारच्या सकाळी माझ्या हातांना काम राहिलं नाही तरी ते पान मी उघडून बघायची. नवरा चिडवायचा, की तुला आता तिकडचं तिकीट मिळेल, निवडणुकीचं. शेवटी गेल्या आठवड्यात बातमी आली. शपथविधी झाला होता. कलिंगड, डाळिंब आणि लिंबू. तेच तिघे, कराराची तीच ओळ, आणि बाहेरून येणाऱ्यांच्या खात्यावर आखूड केसांच्या त्याच बाई. मी फोटो मोठा करून बघितला. त्या अजूनही हसत नव्हत्या.

मी लगेच गावी फोन लावला. चाचांचा आवाज बारीक झाला होता. मागे कोंबड्या ओरडत होत्या. मी एकेक करून सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “तू अजून बघतेस होय? मी सोडलं गो.”

“झोया कशी आहे?” मी विचारलं. “नाझनीनशी बोलते ना रोज?”

“बोलते. रोज नाय. रेंज नसते. बाय, तुला म्हणून सांगतो. शाळेत पोरं तिला विचारायची, तुझी आई कुठं हाय? ती रडत यायची. परवा मी तिला बसवून सांगितलं, आजपासून नानीला मम्मी म्हणायचं.”

मी काहीतरी म्हणाले, अजून बाई बदलतील, अजून नियम बदलतील, असंच काहीबाही.

“नाय गो,” चाचा म्हणाले. “अतिरिक्त कार्यभार किती वर्षं ठेवायचा? आईचं खातं चाचीला दिलं. कायमचं.”

पाठीमागून झोयाची हाक आली, “मम्मी, नाना कोणाशी बोलतात?” आणि चाची म्हणाल्या, “मस्कतच्या मावशीशी. तू हात धू, जेवायला बस.”

त्याच संध्याकाळी नाझनीनचा मेसेज आला. ‘ताई, आज सरकार झालं इथे. अब्बांना कळवलंत का? काय म्हणाले?’

मी लिहिलं, ‘कळवलं. बरे आहेत.’